गोल न करणारा गडी

"काय नर्सबाई, आज किती अंडी वाटली?"

वसतिगृहात रात्री दहानंतर माझे स्वागत हे असे होते. खोलीत आम्ही चौघे. माझे खरे नाव तिघांनाही ठाऊक आहे, पण ते हजेरीपुरते. या टोपणनावाची हकीकत सांगितल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. म्हणून प्राध्यापकवर्गाने आणि मोबाइलवर न खेळणाऱ्या सज्जन मित्रांनी क्षणभर धीर धरावा.

'पोकेमॉन युनाइट' नावाचा एक खेळ आहे. २०२१ साली तो आला. इंटरनेटवरून खेळायचा. दोन्ही बाजूंना पाच-पाच गडी, मधे मैदान, दोन्हीकडे गोल आणि वेळ दहा मिनिटे. मैदानात हिंडणाऱ्या प्राण्यांना हरवले की गुण मिळतात. पण ते नुसते जवळ बाळगून उपयोग नाही, प्रतिपक्षाच्या गोलात नेऊन टाकावे लागतात. शेवटच्या दोन मिनिटांत टाकलेल्या गुणांची किंमत दुप्पट होते. एकटा खेळायला बसलो तर आपले चार सोबती कोण, कुठले, काही कळत नाही. गडी पाच तऱ्हांचे असतात. हल्ला करणारे, अडवणारे, चपळ, सगळ्यात थोडे थोडे तयार, आणि शेवटचा तो सपोर्टर. म्हणजे मदतनीस.

माझी ब्लिसी या शेवटच्या तऱ्हेची. गुलाबी, गोलमटोल, पोटाशी अंडे. सोबत्याला मार बसला की ती त्याच्याकडे अंडे फेकते आणि त्याच्या अंगात पुन्हा बळ येते. ती पाठीशी असली की सोबती वेगाने धावतो. पण ती स्वतः मारू लागली, तर समोरच्याला बहुधा गुदगुल्याच होत असाव्यात! खेळ संपल्यावर तक्ता येतो : कोणी किती गुण टाकले, कोणी किती गडी गारद केले. माझ्या नावापुढे बहुतेक वेळा शून्य किंवा त्याचा एखादा धाकटा भाऊ. कोणाला किती सावरले याचाही आकडा असतो, पण तो दुसऱ्या पानावर. आणि दुसरे पान कोण उघडतो?

ही आवड मला कबड्डीतून लागली. गावच्या संघात मी कव्हर होतो. कोपऱ्यातला गडी चढाईला आलेल्याचा घोटा धरतो. कव्हर धावत येऊन त्याची परतीची वाट बंद करतो. टाळ्या घोटा धरणाऱ्याला. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. उलट पाठीवर धूळ घेऊन घरी जाताना आपण काहीतरी नेमके केले असे वाटायचे. मोबाइलवर पहिल्यांदा ब्लिसी पाहिली, तेव्हा ओळखीचे कोणीतरी भेटल्यासारखे झाले.

परंतु दुसऱ्या वर्षाला आलो आणि मनात शंका शिरली. मानांकनाच्या सामन्यात जिंकले की एक हिरा मिळतो, हरले की जातो. खोलीतले तिघे भराभर वर चढले, मी 'व्हेटरन' पायरीवरच चढ-उतार करीत राहिलो. मदतनिसाचे नशीब सोबत्यांच्या हाती. चौघे चार दिशांना पळाले तर अंडे फेकायचे तरी कोणाकडे? एका रात्री तर आमच्या बाजूचे चौघेही हल्ला करणारे होते आणि एकालाही मागे वळून पाहण्याची सवड नव्हती. सलग पाच सामने हरलो. शेजारच्या खाटेवरून सल्ला आला, "अरे, दुसऱ्याला मोठे करून तू कधी मोठा होणार? सोड ती बाई!"

हसण्यावारी नेण्यासारखेच वाक्य होते. मला नेता आले नाही.

मी ब्लिसी सोडली. सिंडरेस घेतला. हा पायाने आगीचे चेंडू मारणारा ससा; लांबून मारा करणारा. पहिले तीन दिवस सपाटून मार खाल्ला, मग हात बसला. वीस दिवसांत 'अल्ट्रा' पायरी गाठली. तक्त्यात माझे नाव वर येऊ लागले. खोटे का सांगू? फार बरे वाटले. आपल्यालाही हे जमते, ही गोष्ट एकोणीस वर्षांच्या मुलाला कोणीतरी एकदा दाखवून द्यावीच लागते.

एका सामन्यात शेवटची दोन मिनिटे उरली होती. माझ्याजवळ पन्नास गुण होते आणि जीव जेमतेम उरला होता. कोणीतरी अनोळखी माणूस ब्लिसी घेऊन माझ्यामागे धावत आला. अंडे माझ्या अंगावर पडले, मी सावरलो. तो मात्र तिघांच्या तावडीत सापडला. मी गोलात पन्नास टाकले, त्याचे शंभर झाले, आम्ही जिंकलो. खोलीत आरडाओरडा झाला. तक्त्यात त्या माणसाच्या नावापुढे शून्य होते. त्याचे टोपणनाव वाचायच्या आत मी पुढचा सामना सुरू केला होता.

हे लक्षात आले ते दिवाळीत, घरी.

ज्या मोबाइलवर मी खेळतो तो दादाचा जुना. त्याचे रिचार्जही दादाच करतो. दादा टेम्पो चालवतो. दहावीला त्याला ७१ टक्के होते. त्याच वर्षी अण्णांचा पाय मोडला, उसाची लागण अर्धी राहिली आणि दादा शाळेचा दाखला न काढताच दुसऱ्याच्या टेम्पोवर किन्नर म्हणून गेला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ही गोष्ट आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. तक्त्यात माझे नाव वर असते.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ओसरीवर खेळत बसलो होतो. घरी असल्यामुळे म्हणा, सवयीने म्हणा, ब्लिसी घेतली होती. दादा मागून वाकून पाहू लागला.

"ही गुलाबी कोण रं?"

"मदतीला असते. दुसऱ्याला सावरते. स्वतः गोल फारसे करत नाही."

दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तिनं सोताहून घेतलंय का हे काम, का कुनी लावलंय?"

"मीच घेतलंय की, दादा."

"मग बरं हाय," असे म्हणून तो टेम्पो धुवायला निघून गेला.

त्या वाक्यात तक्रार नव्हती. असती तर मी उत्तर दिले असते. मी सामना अर्धा टाकून बसून राहिलो. आम्ही दादाला कधी विचारले होते? अण्णांनी नाही, आईने नाही. मी तर लहान होतो, ही पळवाट आजवर मला पुरत होती.

आणि माझे काय? मी खरोखर स्वतःहून घेतले होते का? गेल्या वर्षी वाङ्‌मय मंडळात अण्णाभाऊ साठे यांच्या कथांवर निबंधवाचन झाले. तो निबंध मी लिहिला, वाचला मित्राने. टाळ्या त्याला मिळाल्या. मी मागे खुर्च्या लावीत होतो. त्याला मी मनातल्या मनात त्याग म्हणत होतो. खरे कारण वेगळे होते. माझ्या बोलण्यात 'न' आणि 'ण' यांची गल्लत होते, आणि सभागृह हसेल अशी भीती होती. मागे राहिलेल्याला कोणी हसत नाही. हरल्यावर कोणी त्याचे नावही घेत नाही. नर्सबाईचा पांढरा कोट घालून मी लपलो होतो, दुसरे काही नाही!

म्हणजे एकाच घरात दोन मदतनीस. एकाला परिस्थितीने मागे उभे केले, दुसरा भीतीने मागे सरकला. दुरून दोघेही सारखेच दिसतात. पण पुढे जाता येत असूनही जो मागे थांबतो, त्याच्याच थांबण्याला मदत म्हणावे, असे मला आता वाटते.

मग ब्लिसी ठेवायची की सोडायची? मी ठेवली. सिंडरेसने 'अल्ट्रा'पर्यंत नेले, त्याचे उपकार आहेत. आपल्याला पुढे जाता येते हे त्याने दाखवले. पण एखाद्याचा जीव अगदी संपत आलेला असताना नेमक्या क्षणी अंडे पोचते, तेव्हा जो आनंद होतो तो मला गोल करताना कधी झाला नाही. हा माझा स्वभाव आहे, आणि आता तो मी तपासून घेतला आहे. एक नियम मात्र केला. सामना संपला की दुसरे पान उघडायचे आणि आपल्याला कोणी सावरले ते वाचायचे.

जानेवारीत सरांनी विचारले, "या वर्षी निबंध कोण वाचणार?" मी हात वर केला. वाचताना दोनदा 'पाणी'चे 'पानी' झाले. मागच्या बाकावर कोणीतरी हसले. मी पान उलटले आणि पुढे वाचले.

परवा सुट्टीत घरी जाताना बारावीचा सतरा नंबरचा अर्ज कसा भरायचा, त्याची सगळी माहिती कागदावर लिहून नेली. बाहेरून परीक्षा देता येते. दादाला म्हटले, "तुला बसायचं आहे का? नसेल तर नाही म्हण. पुस्तकं मी आणीन, नोट्स मी काढीन."

त्याने कागदाची घडी घातली आणि टेम्पोच्या पुढच्या काचेपाशी, गणपतीच्या मूर्तीखाली ठेवली. अजून हो म्हटलेले नाही. नाहीही म्हटलेले नाही.

मी थांबलो आहे. या वेळी विचारून.

(द्वितीय वर्ष, कला)