नेमका कोणता हायड्रोजन

कार्बन आणि हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांची, आणि तीही केवळ एकेरी बंधांनी जोडलेली जी संयुगे अल्केन म्हणून ओळखली जातात, त्यांच्या वाट्याला सेंद्रिय रसायनशास्त्रात आरंभीचे प्रकरण येते खरे, पण ते बहुधा नावे आणि सूत्रे पाठ करण्यातच संपते. त्यांचे जुने नाव पॅराफिन. लॅटिनमधील ‘परुम’ म्हणजे अल्प आणि ‘अफिनिस’ म्हणजे संबंध असलेला, या दोन शब्दांपासून ते घडले आणि १८३० साली कार्ल फॉन रायशेनबाख यांना सापडलेल्या मेणासारख्या पदार्थाला मिळाले. आम्ल, आम्लारी किंवा पोटॅशियम परमँगनेट यांपैकी कशालाही साध्या तापमानाला हेक्झेन दाद देत नाही हे पाहिले की नाव सार्थ वाटते. परंतु ज्याचा या द्रवाशी रोजचा संबंध आहे, त्याला हे नाव अर्धीच हकीकत सांगते.

इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्यात कार्बन आणि हायड्रोजन जवळजवळ तुल्यबळ असल्यामुळे त्यांच्यातील बंधाला धन आणि ऋण अशी ठळक टोके नसतात, आणि म्हणून विद्युतप्रभार शोधत येणाऱ्या अभिक्रियाकारकाला पकड घ्यायला जागाच मिळत नाही. शिवाय बंध चिवट असतो. मिथेनमधील एक हायड्रोजन तोडण्यास प्रतिमोल सुमारे ४३९ किलोज्यूल ऊर्जा लागते, तर ब्रोमीनच्या रेणूतील दोन अणू सुमारे १९३ किलोज्यूलांतच वेगळे होतात. साहजिकच प्रकाश पडल्यावर आधी दुभंगतो तो ब्रोमीन. ज्वलनाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. प्रोपेन-ब्युटेनची निळी ज्योत पिवळी पडून भांड्याचे बूड काळे होऊ लागले, की शेगडीला हवा कमी पडते आहे, हे घराघरांत ठाऊक असते.

दोन परीक्षानळ्यांत थोडे हेक्झेन घेऊन, फ्यूम हूडखाली आणि हातमोजे घालून, कारण ब्रोमीन त्वचेला भाजते, दोन्हींत त्याचे दोन-तीन थेंब टाकावेत, बुचे लावून एक नळी काळ्या कागदात गुंडाळावी आणि दुसरी उन्हात ठेवावी. कागदातला द्रव तांबूसच राहतो. उन्हातला मात्र हळूहळू फिका होत जातो, आणि बूच काढताच दमट हवेत हायड्रोजन ब्रोमाइडचा पांढरा धूर उठतो, ज्यात ओला निळा लिटमस लाल होतो. घडते ते असे की दुभंगलेल्या ब्रोमीनचा प्रत्येक अणू, म्हणजे जोडीदाराविना उरलेला एक इलेक्ट्रॉन बाळगणारा मुक्त मूलक, हेक्झेनमधून हायड्रोजन ओढून घेतो. मागे राहिलेला कार्बन-मूलक ब्रोमीनच्या दुसऱ्या रेणूतील एक अणू घेऊन नवा ब्रोमीन-मूलक मोकळा करतो, आणि दोन मूलक एकमेकांना भिडून शांत होईपर्यंत ही साखळी चालू राहते. म्हणूनच तिला शृंखला अभिक्रिया म्हणतात.

या विषयातील खरे सौंदर्य मात्र यापुढच्या प्रश्नात आहे: ओढला जातो तो नेमका कोणता हायड्रोजन? २-मिथिलप्रोपेनमध्ये नऊ हायड्रोजन टोकांच्या कार्बनांवर आणि एकच मधल्या, तीन कार्बनांशी जोडलेल्या म्हणजे तृतीयक कार्बनावर असतो. क्लोरीन वापरल्यास सुमारे ६४ टक्के उत्पादित टोकाकडचे मिळते आणि मिश्रण वेगळे करण्यात रसायनज्ञाचा दिवस जातो. ब्रोमीन वापरल्यास ९९ टक्क्यांहून अधिक वेळा तो एकटा हायड्रोजनच निघतो. क्लोरीनला कोणताही हायड्रोजन ओढताना ऊर्जा परतच मिळत असल्यामुळे वाटेतला अडथळा इतका ठेंगणा असतो की टोक आणि मध्य यांतला फरक त्याला फारसा जाणवत नाही. ब्रोमीनला मात्र ऊर्जा खर्चावी लागते म्हणून त्याची गती मंद असते, अडथळ्याच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत बंध जवळजवळ तुटलेला असतो, आणि दोन बंधांमधील सुमारे २० किलोज्यूलांचे अंतर तिथे जवळजवळ पूर्ण वसूल होते. मंद गती हा अभिक्रियाकारकाचा दोष मानण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याला हे पटायला वेळ लागतो, आणि तो वेळ शिक्षकाने आनंदाने द्यावा.

तास संपता संपता काळ्या कागदातली नळी बाहेर काढून खिडकीत ठेवावी. इतका वेळ जसाच्या तसा राहिलेला तिचा तांबूस रंगही मग उतरू लागतो.