दोन पायडले, दोन टायर

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार जी लोखंडी पट्टी तापवून चढवीत असे, तिला आपण ‘धाव’ म्हणतो. तापलेली धाव चाकावर बसवायची आणि लागलीच पाणी ओतायचे, म्हणजे ती आक्रसून लाकडाला घट्ट धरते. शब्द किती नेमका आहे पाहा! चाक जिच्यावर धावते ती धाव. पुढे रबर आले, हवा आली, टायर हा शब्द आला आणि धाव खेड्यातच राहून गेली. गेल्या पावसाळ्यात माझ्या सायकलीचे टायर आणि पायडले बदलण्याची वेळ आली, तेव्हा पंधरा दिवस माझ्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. एवढ्याशा कामाचा एवढा विचार कशासाठी, असे वाचकांना वाटेल. म्हणून आधी माझी परिस्थिती सांगते.

मी भोपाळच्या साकेत नगरात राहते आणि मंडीदीपच्या एका शाळेत गणित शिकवते. घरापासून राणी कमलापती स्थानक, म्हणजे नोव्हेंबर २०२१ पर्यंतचे आपले हबीबगंज, तीनएक किलोमीटर. तेथून पॅसेंजरने मंडीदीप. उतरल्यावर शाळेपर्यंत आणखी दोन किलोमीटर. अलीकडे, डिसेंबर २०२५ मध्ये, एम्सपासून मेट्रोही सुरू झाली. परंतु ती काही मला मंडीदीपला पोहोचवीत नाही. या दोन टोकांच्या प्रवासावर मी २०१९ साली एक तोड काढली. वीस इंची चाकांची, मधोमध बिजागरी असलेली घडीची सायकल घेतली. फलाटावर तिची घडी करायची, डब्यात दाराजवळच्या कोपऱ्यात उभी करायची, पलीकडे उतरून पुन्हा उलगडायची. दिवसाचे दहा किलोमीटर मी कोणाची वाट न पाहता करते.

आमच्या घराला सायकल नवी नाही. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये मामंजी ग्वाल्हेरहून नोकरीसाठी आले आणि बरखेड्याच्या क्वार्टरमधून निवृत्तीच्या दिवसापर्यंत सायकलीवरच कारखान्यात गेले. पाळी सुटली की रस्ताभर सायकलींचा नुसता लोंढा दिसे, असे सासूबाई अजून सांगतात. खंडेनवमीला मामंजींची सायकल तेलपाणी होऊन झेंडूच्या माळेसह दारात उभी राही. त्यांच्या दृष्टीने माझे हे छोटे यंत्र म्हणजे सर्कशीतील वस्तू ठरली असती! परंतु लहान चाक म्हणजे खेळणे, ही समजूत इंग्लंडच्या अ‍ॅलेक्स मोल्टन या अभियंत्याने १९६२ सालीच खोटी पाडली. चाक लहान असले तरी टायरमध्ये हवा भरपूर दाबाने भरली आणि धक्के सोसण्याची सोय केली, तर सायकल मंद चालत नाही, हे त्याने सायकल बाजारात आणूनच दाखविले.

तर गेल्या पावसाळ्यात मागच्या टायरच्या मधल्या रेघा पार पुसल्या गेल्या. तीन ठिकाणी आतले धागे दिसू लागले आणि महिन्यात तीन पंक्चर झाले. त्यांतली दोन बाभळीच्या काट्याने. पण टायरचे दुखणे सोसण्यासारखे होते. उजव्या पायडलाचे तसे नव्हते. ही पायडले प्लॅस्टिकची आणि मिटणारी. त्यांना आत एक खिट्टी असते, ती ढिली झाली होती. एके सकाळी भर पावसात, सगळे वजन उजव्या पायावर असताना ते पायाखालीच अर्धवट मिटले आणि मी गुडघ्यावर आदळले. हाड शाबूत राहिले, सूज आठ दिवस राहिली.

घरात सभा भरली. “आता पुरे झाले, दोन्हीकडे रिक्षा लावू,” असे आमच्या ह्यांचे मत पडले. पुण्याहून मुलीचा फोन आला, “आई, मोडकी ठेवतेस कशाला? नवीनच घे.” डॉक्टरांनी मात्र निराळेच सांगितले. सायकल गुडघ्याला चांगलीच आहे. पण तळपाय पायडलावर सपाट आणि स्थिर टेकला पाहिजे. डगमगत्या पायडलावर टाच आत वळते आणि तो पीळ थेट गुडघ्यात जातो. रिक्षाचा हिशेब मी मांडून पाहिला, तो पगाराच्या मानाने डोळ्यांत भरण्याजोगा निघाला. त्याहून मोठी गोष्ट वेळेची. सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांचे सायंकाळचे इन्सुलिन सातला असते. ह्यांची पाळी असेल त्या दिवशी ते मीच देते. मंडीदीपला भरलेल्या रिक्षा पाहत उभे राहिले आणि गाडी चुकली, तर सात काही माझ्यासाठी थांबत नाहीत. माझे वय अठ्ठावन्न. निवृत्तीला चार वर्षे आहेत. तेवढी चार वर्षे ही सायकल भरवशाची करणे, एवढाच प्रश्न होता.

पहिल्या दुकानात टायर मागितला. दुकानदाराने सायकलीकडे न पाहताच मागून एक काढला. “बीस इंच है न आंटीजी? चढ़ जाएगा.” मी चष्मा लावून त्याच्या बाजूवरची बारीक अक्षरे वाचली आणि टायर परत दिला. येथे वाचकांनी लक्ष द्यावे, कारण ज्यांच्या घरी मुलांची लहान सायकल आहे त्यांनाही हे उपयोगी आहे. ‘वीस इंच’ हे माप नव्हे, ते नुसते नाव आहे. वीस इंची म्हणविणाऱ्या चाकांच्या रिमा एकाच व्यासाच्या नसतात. खरे माप टायरवर दोन आकड्यांत असते. माझ्या टायरवर ४७-४०६ असे आहे. म्हणजे हवा भरल्यावर रुंदी ४७ मिलिमीटर आणि रिमवर टायर जेथे बसतो तेथला व्यास ४०६ मिलिमीटर. दुकानदाराने दिला होता तो ४५१ चा. दोन्ही वीस इंची. परंतु एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसणे नाही. रुंदीत थोडे इकडेतिकडे चालते, व्यासात मुळीच नाही. माझ्या मते प्रत्येकाने आपल्या सायकलीचे हे दोन आकडे बुटाच्या मापासारखे पाठ ठेवावेत.

दुसरी गोष्ट गणिताची. ती मी आठवीच्या वर्गातही सोडवून घेतली. ४०६ मध्ये दोन्हीकडची रबराची जाडी धरली की चाकाचा व्यास ५०० मिलिमीटर होतो आणि एका फेऱ्यात सायकल सुमारे १.५७ मीटर जाते. मामंजींच्या अठ्ठावीस इंची चाकाचा फेरा सुमारे २.२५ मीटरांचा. म्हणजे माझ्या दहा किलोमीटरांत छोटे चाक जवळजवळ ६,४०० वेळा फिरते, तेथे मोठ्याचे काम साडेचार हजारांच्या आतच भागते. तोच रबराचा तुकडा रोज दीडपट वेळा जमिनीला घासतो. लहान चाकाचे टायर लवकर झिजतात ते यामुळे. मागचा आणखी लवकर, कारण बसणाऱ्याचे वजन त्याच्यावर अधिक आणि पायाचा जोरही त्यालाच ओढावा लागतो.

निवड तीन प्रकारांत होती. अरुंद आणि गुळगुळीत टायर हलका असतो, जोरात हवा धरतो आणि डांबरी रस्त्यावर सुरेख पळतो. परंतु पावसाळ्यानंतर आमच्या वस्तीतील रस्ते जसे होतात, त्यात लहान चाक खड्ड्यात आधीच खोल उतरते, तशात अरुंद टायर म्हणजे मनगटांना शिक्षा. दुसरा जाड, खडबडीत खुंटांचा. तो दिसतो मर्दानी. पण डांबरावर गुरगुरतो, ओढायला जड लागतो आणि माझ्या मडगार्डला घासला असता. मी जुन्याच रुंदीचा, उथळ रेघांचा आणि आत काटा अडविणारा जाड पट्टा असलेला टायर घेतला. पट्ट्याने वजन थोडे वाढते. सायकल डब्यात उचलताना ते जाणवते, पण पंक्चर झालेली सायकल उचलून अर्धा मैल चालण्यापेक्षा ते बरे. बाजूला प्रकाश परतविणारी पांढरी पट्टी आहे. हिवाळ्यातल्या संध्याकाळी मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला माझी चाके दिसावीत, म्हणून तिचे चार पैसे मी आनंदाने दिले. दुकानातील मुलगा मला ‘फोल्डिंग टायर’ फार आग्रहाने देत होता. सायकल फोल्डिंग, म्हणून टायरही फोल्डिंग! त्या टायरच्या काठात तारेऐवजी चिवट धागा असतो, म्हणून पुडक्यात त्याची घडी होते, एवढाच त्याचा अर्थ. घडीच्या सायकलीशी त्याचे काही नाते नाही.

पायडलांनी अधिक छळले. आपल्या जुन्या सायकलींची रबरी ठोकळ्यांची पायडले मला मनापासून आवडतात. पावसात चप्पलसुद्धा त्यांवर घसरत नाही. पण ती मिटत नाहीत. एक जोडी लावून घडी केली, तर मोळी वीतभर रुंद झाली आणि डब्याच्या दारातून जाणायेणाऱ्यांच्या पोटऱ्यांना लागली असती. काढता-घालता येणारी पायडलेही मिळतात, झटक्यात निघतात. परंतु सकाळी सातला ती ग्रीसने माखलेली पायडले मी वह्यांच्या पिशवीत ठेवायची की काय? खिळ्यांसारखे टोकदार काटे असलेली धातूची पायडले तरुण मुले घेतात. ती बुटाला घट्ट धरतात हे खरे, पण सलवारलाही धरतात, आणि पाय निसटला तर नडगी सोलून काढतात.

शेवटी जुन्या शहरातील एका दुकानात अ‍ॅल्युमिनियमची, मिटणारी, वर रबरी पट्ट्या बसविलेली जोडी सापडली. तेथल्या वृद्ध कारागिराने तपासण्याची रीत दाखविली. पायडल उघडून खिट्टी बसू द्यायची, मग कडेला तळहाताने दाबून वरखाली हलवून पाहायचे. बिजागरी जराही ‘खट्’ बोलली तर ती जोडी नको. नंतर दांडा बोटांत धरून फिरवायचा; छर्रे खरखरले तर नको. पहिली जोडी बोलली, दुसरी खरखरली, तिसरी मी घेतली. दांड्याच्या आट्याचे मापही पाहावे लागते. मोठ्यांच्या सायकलींना बहुधा ९/१६ इंच असते, मुलांच्या काही सायकलींना अर्धा इंच.

बसविताना त्याने डावे पायडल उलट फिरविले, तेव्हा शेजारी उभा असलेला एक कॉलेजचा मुलगा “चाचा, उल्टा!” म्हणून ओरडला. डाव्या पायडलाचे आटे उलटेच असतात. दांड्यावर वजन ठेवून क्रँक फिरत राहिली की दांडा आपल्या भोकात कणाकणाने विरुद्ध दिशेला लोळत जातो. सैल मुठीत पेन्सिल धरून तिचे टोक गोल फिरवून पाहावे, म्हणजे ध्यानात येईल. डावीकडे नेहमीचे आटे असते, तर पायडल चालता चालता निघून आले असते. विमान उडविण्याआधी सायकली विकणाऱ्या राइट बंधूंनीही १९०० साली, न सुटणारे पायडल म्हणून या युक्तीची जाहिरात केली होती. लक्षात ठेवायला सोपे आहे. पंधरा नंबरचा पाना वरून चाकाच्या पुढच्या दिशेला ओढला की दोन्ही पायडले घट्ट, मागे ओढला की सुटी. आट्यांना ग्रीस मात्र लावलेच पाहिजे, नाहीतर गंजून ती क्रँकशी एकजीव होतात.

ह्यांनी मोळी उचलून पाहिली, दोन्ही पायडले मिटवून-उघडून पाहिली, आणि “ठीक आहे” म्हणाले. त्यांच्याकडून हे प्रशस्तिपत्रकच. सासूबाईंनी काठीच्या टोकाने टायर दाबून “हवा जास्त झाली का गं?” असे विचारले. जास्त नव्हती, टायरवर छापलेल्या सर्वांत अधिक दाबापेक्षा पुढच्यात बरीच कमी, मागच्यात थोडी कमी, अशी मी दर रविवारी पंपाने भरते.

तेव्हापासून चार महिने, म्हणजे नऊशेएक किलोमीटर झाले. एक पंक्चर झाले, तेही काचेने. गुडघा जिना चढताना अजून बोलतो, सायकलीवर बोलत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बिजागरी दाबून पाहते आणि मागच्या टायरच्या मधल्या रेघांवरून नख फिरवते. अजून नख अडते.