हादगा, बकफूल, अगत्ती

बदलीच्या नोकरीत माणसाने भाजी पेरावी, झाडे लावण्याच्या भरीस पडू नये, असे आमच्या वर्गातील लोकांचे एक मत आहे. मेथी, कोथिंबीर, फार तर चार वांगी. आंबाफणस लावावेत ते स्थावर जिंदगीवाल्यांनी. तीन वर्षांच्या मुक्कामात ज्याची सावलीही मिळायची नाही, त्याला पाणी कोणी घालावे? हे मत आम्हांस मान्य आहे. मात्र हादगा हा त्याला सन्माननीय अपवाद होय.

हादग्याला आमच्या नोकरीची घाई ठाऊक असावी. बी रुजले की वर्ष-दीड वर्षात ते झाड बहुधा छपराशी बरोबरी करते आणि फुलूही लागते. पानमळ्यांतून नागवेलींना आधार म्हणून ते लावतात, तेही या झपाट्यामुळेच. पांढरी, क्वचित तांबडी अशी ती होडीच्या आकाराची फुले सकाळी खुडावीत, आतला कडू केसर काढून टाकावा, पाकळ्या चिरून कांदा-मिरचीच्या फोडणीवर परताव्यात आणि वर थोडे डाळीचे पीठ पेरावे. फुलाची अशीही पूजा होऊ शकते, हे आम्ही आईच्या स्वयंपाकघरात शिकलो.

कोलकात्यास बदली झाली तेव्हा हेच फूल बाजारात बकफूल म्हणून भेटले. त्याच्या बाकात बंगाली माणसाला बगळ्याची चोच दिसते. शेजारच्या बौदी ते अख्खे फूल पिठात बुडवून तळत आणि वरणभाताबरोबर कुरकुरीत वाढीत. आमची भाजी पाहून त्या कळवळून म्हणाल्या, "इतके सुंदर फूल चिरलेत कसे हो तुम्ही?" पुढे चेन्नईस शेजारच्या मामींना फुलापेक्षा पाल्याचेच अगत्य अधिक. एकादशीचा उपास द्वादशीस सोडताना अगत्तीचा पाला पानात हवाच. तो कडसर पाला मूगडाळ आणि खोबरे घालून शिजवला की कडूपणाचीही गोडी लागते.

पण या चवींच्या आड एक गोष्ट मनाला टोचत असे. आमची मुलगी बोलू लागली ती कोलकात्यात. एका नवरात्रात पुण्यास गेलो असता आजी तिला म्हणाली, "चल, आज आपल्याकडे हादगा आहे." पोरीने विचारले, "तळलेला?" घर हसले, आम्हांस मात्र नीट हसता आले नाही. हस्त नक्षत्र, पाटावर काढलेला हत्ती, भोवती फेर धरणाऱ्या मुली, झाकलेली खिरापत ओळखण्याची धांदल, एवढे सारे त्या एका शब्दात आमच्यासाठी साठवलेले. आणि तिच्यासाठी तो शब्द रिकामा!

शब्द व्याख्यानाने शिकवता येत नाहीत. ते पानात वाढावे लागतात. तेव्हापासून आमच्या घरी एका रविवारी हादग्याची भाजी होते, तर दुसऱ्या रविवारी बकफुलाची भजी. ज्या रीतीने रांधले, त्याच नावाने मागायचे, एवढाच नियम. बौदींच्या ओसरीवरील दुपारी तिच्याकडून काढून घेण्याचा आम्हांस काय अधिकार? आमची खिरापत त्यांच्या शेजारी ठेवावी, इतकेच आमच्या हाती आहे. अलीकडे ती फुलातला केसर स्वतः काढते आणि गुणगुणते ती कधी बंगालीत, कधी मराठीत.

बंगला सोडताना खुर्च्या, टेबले, पंखे यांची मोजदाद होते. डेड स्टॉकच्या यादीत हादगा कधीच नसतो. तो मागाहून येणाऱ्यासाठी तसाच राहतो. मग तो केरळचा असो वा ओडिशाचा, त्याने त्याला आपल्या नावाने हाक मारावी.

सामानात वाळक्या शेंगांची एक पुरचुंडी मात्र असू द्यावी. पावसाच्या आरंभी मोकळ्या उन्हाच्या जागी बी लावावे. उत्तरेत, जेथे थंडीत दव गोठते, तेथे हादग्याचा नाद सोडून वसंताच्या तोंडी बाजारात येणाऱ्या कांचनाच्या कळ्या आणाव्यात. तिकडे तिला कचनार म्हणतात. भाजी कशी करायची, ते शेजारीण सांगेल.