मिनिटाला ०.०२ मिलिलिटर

टेक्ससमधल्या लॅबमध्ये मास्टर्स करताना माझ्या वाट्याला एक दगड आला होता. दीड इंच व्यासाचा, तीन इंच लांब, राखाडी, जाड मेणबत्तीसारखा. स्प्रेबेरीचा वालुकाश्म. मिडलंडच्या आसपास जमिनीखाली दोनेक किलोमीटरवर हा थर सापडतो. इतका घट्ट की त्यातून पाणी जाताना बघायचं तर धीर हवा. आतली सगळी छिद्रं मिळून जागा साडेआठ मिलिलिटर, म्हणजे दोन चमचेही नाही. त्यात तेल भरायचं, एका टोकानं पाणी ढकलायचं, दुसऱ्या टोकाला किती तेल निघतं ते मोजायचं. थिसिसचा प्रश्न एवढाच: पाणी किती वेगानं सोडायचं?

वेळापत्रकात लिहिलं होतं मिनिटाला ०.०२ मिलिलिटर. या वेगानं दगड एकदा पाण्यानं भरायला सात तास लागतात, आणि एका प्रयोगात तो बऱ्याच वेळा भरावा लागतो. पण खऱ्या तेलक्षेत्रात, विहिरीपासून दूर, पाणी साधारण दिवसाला फूटभरच सरकतं. त्याच्याशी जुळणारा वेग हाच.

थिसिस द्यायला तीन आठवडे उरले होते. शुक्रवारी मी पंपावर ०.२ टाकलं. दहापट वेग, दहापट लवकर डिग्री.

काही मिनिटांतच पलीकडून पाणी आलं. दाब चढलाच नाही. थोडं तेल निघालं, मग नुसतं पाणी. दगडात केसाएवढी भेग होती आणि सगळं पाणी तिच्यातून धावत होतं. शेजारची बारीक छिद्रं तेलानं भरलेली तशीच. संध्याकाळी सहाला पंप बंद केला, व्हॉल्व्ह आवळले आणि घरी जाऊन रडले.

रात्री बाबांचा फोन आला. गावाकडे सकाळ झाली होती. ते दारं धरून नुकतेच आले होते. मी सगळं सांगितलं, तर म्हणाले, "भेगाळलेल्या रानात पहिलं पाणी असंच जातं की. दांड फोडला तरी सरी पुढं सरकत नाही." फरक इतकाच, की रानात आपल्याला पाणी आत हवं असतं आणि इथे मला तेल बाहेर हवं होतं.

लाज याची, की हे सगळं मी वाचलेलं होतं. स्प्रेबेरी १९४९मध्ये सापडलं. तेल अफाट, पण दगड घट्ट आणि भेगाळ. स्वतःच्या दाबावर दहा टक्केही निघेना. १९५२मध्ये ब्राउन्सकोम आणि डाइस यांनी मांडलं की हा दगड केशाकर्षणानं पाणी स्वतःच शोषेल आणि तेल भेगेत ढकलेल. भेगेत पाणी असलं की झालं, पण शोषायला वेळ हवा. पुढे तिथे पाणी भरून दाब वाढवायचा, मग भरणं थांबवून तेल काढायचं, असेही प्रयोग झाले. माझ्या पहिल्याच प्रकरणात हे संदर्भासकट आहे!

आणि अडकलेला थेंब वेगानं हलेल म्हणावं, तर तेही नाही. त्याला धरून ठेवणाऱ्या केशाकर्षणापुढे दहापट जोर म्हणजे काहीच नाही. शंभरपट वगैरे लावावा लागतो, आणि तितका लावला तर मातीचे कण सुटून छिद्रं बुजतात, नाहीतर दगडच नव्यानं फुटतो.

मग हळूच सोडावं का? भेग नसलेल्या दगडात फार हळू गेलं तर दाबच तयार होत नाही, आणि बाहेरच्या टोकाशी तेल अडकून बसतं. शिवाय विहिरीवर वाट बघण्याचे पैसे पडतात. 'योग्य वेग किती' हे विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो. माझ्याकडे तो एका दगडापुरता होता, तोही भेगेसकट.

सोमवारी सकाळी आठला व्हॉल्व्ह उघडून पंप ०.०२वर लावला. नळीत पाण्याआधी तेल आलं. फार नाही, पण शुक्रवारी शेवटी जिथे एक थेंब दिसत नव्हता तिथे काळी कडी जमली. मी ती वाकून किती वेळ बघत होते कोण जाणे.

हा काही स्वच्छ निकाल नव्हता. दगड टोल्युइननं धुऊन पुन्हा पहिल्यापासून प्रयोग करावा लागला. डिग्री एक सेमिस्टर पुढे गेली, फी वेगळी. गाइड म्हणाले, शुक्रवारचा बिंदू काढून टाक, आलेखाची रेघ बिघडवतोय. मी ठेवला. त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय: पंप बंद, ६२ तास.