झूल की फॉल?

मैत्रिणींनो, आपल्याकडे नवी वस्तू घरात आली की तिच्या मागोमाग तिचं पांघरूण येतं. फ्रिजवर क्रोशाचा रुमाल, मिक्सरला झालरीचा झगा, सोफ्याला खोळ आणि त्या खोळीवर पुन्हा चादर! माझ्या माहेरी, इंदापुरात, टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी घालून वर रबर बँड लावलेला असे. ती पिशवी पुढे इतकी धुरकट झाली की आतले आकडे दिसेनात. आम्ही भावंडं अंदाजाने बटणं दाबायचो, पण पिशवी काढायची कुणाची छाती नव्हती. शाळेत शिकवायला लागल्यापासून तर दर जूनमध्ये पुस्तकांच्या खाकी कव्हरांचा हिशेब माझ्याचकडे असतो. तेव्हा गाडीच्या रंगालाही कव्हर मिळतं असं कळलं, त्याचं मला हसू वगैरे आलं नाही. हसू आलं ते किंमत ऐकल्यावर, आणि तेही फार वेळ टिकलं नाही.

दसऱ्याला आमच्याकडे गाडी आली. गडद निळी. पांढरी घ्या, धूळ दिसत नाही, असं मी सुचवलं होतं. पण रंगाच्या बाबतीत आमच्या ह्यांचं मन आधीच झालेलं होतं. चार दिवसांनी हे एका फिल्म लावणाऱ्या दुकानातून कागद घेऊन आले. पूर्ण गाडीला पारदर्शक फिल्म, पाच वर्षांची हमी, पंच्याऐंशी हजार रुपये. "रंग जन्मभर नवा राहील," हे म्हणाले. पैसे कुठून, असं मी विचारायच्या आतच उत्तर आलं, "तुझ्या आरडीतून घेऊ. वर्षभरात परत टाकू."

ही आरडी म्हणजे माझ्या अर्धवेळ नोकरीतून दरमहा बाजूला पडणारे पैसे. बी.ए. होऊन मला बरीच वर्षं झाली. बी.एड. केल्याशिवाय शाळेत कायम होण्याची आशा नाही, आणि तो कोर्स आता दोन वर्षांचा आहे. त्यासाठीच तो पैसा होता. संसारात 'परत टाकू' या दोन शब्दांचं पुढे काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. पण नुसतं 'नाही' म्हटलं असतं, तर प्रत्येक ओरखड्याला माझं नाव लागलं असतं! म्हणून मी म्हटलं, आधी आपण दोघं मिळून ही वस्तू काय आहे ती बघू.

दुकानदार मोठा बोलका. त्याने सांगितलेलं आणि मी आणखी वाचून काढलेलं थोडक्यात सांगते. ही फिल्म पॉलियुरेथेन नावाच्या लवचीक प्लॅस्टिकची असते. टीपीयू म्हणतात तिला. तिचा जन्म लढाईतला. साठच्या दशकात व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू-खडे लागून ती झिजत, म्हणून अमेरिकेच्या थ्रीएम कंपनीने अशी चिकटपट्टी तयार केली. पुढे ती शर्यतीच्या गाड्यांवर आली आणि आता आपल्या बारामतीत! गाडीचा कारखान्यातला रंग, सगळे थर धरून, साधारण 100 ते 120 मायक्रॉन जाडीचा असतो. त्यातला वरचा चकाकणारा थर जेमतेम चाळीसेक मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाहूनही पातळ. ही फिल्म मात्र 150 ते 200 मायक्रॉन. म्हणजे साडीपेक्षा परकर जाड, अशातला प्रकार. खडा उडाला तर मार ती खाते, आत रंगाला पोचू देत नाही. हे खरं आहे, आणि सिरॅमिक कोटिंग नावाचं जे दुसरं प्रकरण असतं त्याला हे जमत नाही. ते कोटिंग एक-दोन मायक्रॉनचं. पाणी घसरतं, चमक राहते, धुणं सोपं जातं, पण खड्यापुढे त्याचा काही इलाज नाही. दोन्हींची नावं एका दमात घेऊन गोंधळ करणारे विक्रेते असतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

मग त्याने खेळ करून दाखवला. नमुन्याच्या तुकड्यावर पितळी ब्रश खसाखसा घासला, वर गरम पाणी ओतलं, आणि ओरखडे नाहीसे! हे माझ्याकडे विजयी मुद्रेने बघू लागले. मी पर्समधून किल्ली काढली आणि जरा जोर लावून एक रेघ ओढली. त्यावर गरम पाणी ओतलं तरी ती रेघ काही गेली नाही. दुकानदार प्रामाणिक होता म्हणायचा. तो म्हणाला, "ताई, वरवरचा ओरखडा भरून येतो. फिल्म फाटली की फाटलीच. तेवढा पत्रा सोलून नवी लावायची." त्या नव्या तुकड्याचे पैसे वेगळे.

आता आमच्या रस्त्यांची गोष्ट. बारामती ते इंदापूर पन्नासेक किलोमीटर. महिन्यातून दोनदा तरी माहेरी जाणं होतं. काटेवाडी, भवानीनगर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी, असा तो तुकोबांच्या पालखीचा रस्ता. काटेवाडीला पालखीखाली धोतरांच्या पायघड्या घालतात, ते तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलं असेल. गाडीला मात्र तिथे कोण पायघड्या घालणार! 2021 च्या नोव्हेंबरात पालखी महामार्गाची पायाभरणी झाली आणि नंतर काम चाललं होतं तेव्हा खडीच्या डंपरमागे जावं लागे. समोरून काचेवर टण्णकन् आवाज आला की मी डोळे मिटून घेत असे. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या. त्यांच्या मागे चाललं की चाकातून उडालेले मातीचे खडे. वडिलांच्या शेताकडे वळलं की वेड्या बाभळी दोन्ही बाजूंनी गाडीला हात लावून बघणार. म्हणजे ह्यांची काळजी खोटी नव्हती, हे मला कबूल करायलाच हवं.

पण खडा लागतो कुठे? हे मी एका रविवारी आमच्या शेजाऱ्यांच्या चार वर्षं जुन्या गाडीभोवती फिरून पाहिलं. (त्यांनी विचारलं, "वहिनी, गाडी विकत घेताय का?") तुम्हीही पाहा. पुढचा बंपर, बॉनेटची पुढची कड, काचेच्या वर टपाची पट्टी, आरशांच्या पाठी आणि मागच्या चाकापुढचा खालचा भाग, एवढ्याच ठिकाणी देवी आल्यासारखे ठिपके. टपाचा मधला भाग, डिकी, मागचे दरवाजे यांना खडा शिवलेला नव्हता. शिवाय बंपर असतो प्लॅस्टिकचा, तो गंजत नाही. पत्र्यावर रंग उडाला तर गंजाची भीती, पण आमच्या कोरड्या हवेत ती सावकाश येते, आणि तोवर रंगाची छोटी बाटली आणून ठिपका भरता येतो. रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या मैत्रिणीने मात्र माझ्या या बोलण्यावर जाऊ नये.

दरवाजांवर जे होतं ते वेगळंच. उन्हात उभं राहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे. ते खड्यांनी नव्हे, फडक्यांनी केलेले. धुळीने भरलेली गाडी रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे आपण होऊन वाळूने घासणं. गडद रंगावर ते जास्तच दिसतात.

इंदापूरला गेले तेव्हा वडिलांपुढे विषय काढला. त्यांची डाळिंबाची बाग आहे. उन्हाळ्यात फळाला चट्टे पडू नयेत म्हणून आमच्या भागात बागांवर पांढरं कापड टाकतात, ते तुम्ही महामार्गावरून जाताना पाहिलं असेल. नाना म्हणाले, "कापड चांगलंच असतं गं. पण ते वाचवतं किती आणि खातं किती, ते आधी कागदावर मांडायचं. सगळ्या बागेला टाकायचं का पश्चिमेच्या ओळींना, ते ऊन सांगतं."

मग कागदावर मांडलं. पंच्याऐंशी हजार भागिले पाच, म्हणजे वर्षाला सतरा हजार. गॅरेजमध्ये चौकशी केली, तर बॉनेट पूर्ण रंगवून द्यायला सात हजार सांगितले. वर्षाला दोन बॉनेटं रंगवली तरी पैसे उरतात! अर्थात कारखान्याचा मूळ रंग आणि गॅरेजचा रंग यांत फरक असतो आणि जुनी गाडी घेणारे तो बरोबर ओळखतात, हे ह्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण आमच्या घरात गाडी दहा-बारा वर्षं वापरायची रीत. फिल्मला तेवढं आयुष्य नाही. कधी तरी ती काढावीच लागणार, फार जुनी झाली तर गोंद चिकटून बसतो, आणि काढायचेही पैसे. म्हणजे हा सगळा थाट पुढच्या मालकासाठी. सासूबाई भाजी निवडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "बैलाला पोळ्यादिवशी झूल घालत्यात. ती घालून नांगराला कुणी जुंपत नाही."

मला त्यावरून माझ्या आईचा शालू आठवला. लग्नातला; मलमलीत गुंडाळून वर्षानुवर्षं जपलेला. माझ्या लग्नात नेसायला काढला तर घडीघडीवर विरलेला. आई काही बोलली नाही, दुसरी साडी नेसली. ते मी ह्यांना त्या दिवशी सांगितलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे त्यांना माहीत नव्हतं. ते बराच वेळ गप्प होते.

आणि मग मलाच सुचलं. अहो, साडी खराब होऊ नये म्हणून आपण सगळ्या साडीला अस्तर लावतो का? जिथे पायात येते, घासते, तिथेच फॉल लावतो. तसा गाडीला फॉल लावावा! बंपर, बॉनेट, आरशांच्या पाठी, दरवाजाच्या मुठीमागची वाटी (तिथे आपल्या बांगड्या आणि नखं लागतात, हे दुकानदारानेच सांगितलं) आणि डिकीच्या उंबऱ्याची पट्टी, जिथे सामान घासतं. एवढ्याचे सत्तावीस हजार झाले. ते ह्यांनी आपल्या बोनसमधून दिले. आरडीला हात लागला नाही, आणि यंदा मी बी.एड.च्या सीईटीचा फॉर्म भरणार आहे, हेही त्याच दिवशी ठरून गेलं.

तुमच्या घरात हा विषय निघाला तर विचारण्यासारख्या काही गोष्टी. फिल्म टीपीयूची आहे की पीव्हीसीची, ते बिलावर लिहून घ्या. पीव्हीसी स्वस्त पडते, पण लवकर पिवळी होते आणि कडक होऊन तडकते. हमी दुकानाची की कंपनीची, पिवळेपणा त्यात येतो का, तेही कागदावर हवं. तुकडे मशीनवर कापून आणतात की गाडीवर ठेवून ब्लेडने कापतात, हे तर अवश्य विचारा. शिंप्याच्या कात्रीइतकीच ती ब्लेड हाताच्या सफाईवर अवलंबून, आणि चुकली तर रंगच चिरते. एखादा भाग नुकता रंगवलेला असेल तर महिनाभर थांबा, नाही तर फिल्म काढताना रंगही सोलून येतो. विमा कंपनीला ही फिल्म मुद्दाम कळवावी लागते, एरवी अपघातात तिचे पैसे धरत नाहीत. काचेवरच्या फिल्मशी मात्र याची गल्लत करू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली बंदी घातली ती काचांवरच्या फिल्मला. रंगावरची ही पारदर्शक असते, गाडीचा रंग बदलत नाही. रंगीत फिल्म लावली तर मात्र रंग बदलल्याची नोंद आरसी बुकात करावी लागते.

उरलेल्या गाडीसाठी आता घरचेच उपाय. आधी नुसतं पाणी ओतून धूळ वाहू द्यायची, मग दोन बादल्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत फडकं पिळायला साधं पाणी. भांड्यांचा साबण नको, तो मेण उतरवतो. आमच्या बोअरचं पाणी जड. ते उन्हात वाळलं की पांढरे डाग धरतं, आणि फिल्मवरही धरतं, त्याला हमी नाही. म्हणून सकाळी सावलीत धुवायचं आणि लगेच मऊ मायक्रोफायबरने टिपून घ्यायचं. पक्ष्यांची घाण दिसली की वाळायच्या आत ओल्या कापडाने भिजवून उचलायची, घासायची नाही.

फिल्म लावून आणली त्या दिवशी बॉनेटवर पाण्याचे दोन-तीन बारीक फुगे दिसत होते. हे अस्वस्थ. दुकानदाराने सांगितलं होतं की आठवडाभर धुवू नका, उन्हात उभी करा, आपोआप जातील. आणि पाचव्या दिवशी गेलेही. त्या पाच दिवसांत हे रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन गाडीला प्रदक्षिणा घालत होते. कोरडं फडकं मात्र मी आधीच उचलून माळ्यावर टाकलं आहे.