वाडीतली वीजगाडी

गेल्या मे महिन्यात वसईजवळच्या निर्मळला एका वाडीवर जाण्याचा योग आला. मोगरा, केळी, मागे बावखल आणि अंगणात नवी कोरी तीनचाकी वीजगाडी! पहाटे फुलांची बोचकी नालासोपारा स्टेशनवर, तिथून लोकलने दादरला. विरारपर्यंतची लोकल 1936 पासून विजेवरच धावते. डिझेल जळत होते ते घर ते स्टेशन एवढ्याच टप्प्यात.

देशभर वीजगाड्यांचा बोलबाला आहे. पण मंडळी, आधी आपली रोजची खेप मोजा. इथे जाऊन-येऊन बारा-पंधरा किलोमीटर, म्हणून रात्रीचे चार्जिंग पुरते. भाजी घेऊन थेट वाशी गाठणाऱ्याने घाई करू नये.

काका हळूच म्हणाले, "साहेब, पंपाच्या मीटरवरून तार ओढू का? स्वस्त पडेल." मी हातच जोडले. शेतीपंपाची वीज दुसऱ्या कामाला वापरणे 2003 च्या वीज कायद्यात बसत नाही. घरचे मीटर घ्या, अर्थिंग नीट करा.

"आणि पावसाचे काय?" मी विचारले. जुलै 2018 मध्ये वसईत पाणी तुंबले, वीजही गेली.

"गाडीसाठी उंच ओटा बांधलाय," सूनबाई म्हणाल्या. "पण वीज गेली तर फुलं थांबतात का?"

काकांनी भिंतीला टेकलेल्या जुन्या सायकलकडे बोट दाखवले. कॅरिअर अजून शाबूत होते.