हंट्सव्हिलला बिऱ्हाड हलवताना

ह्यांना नोकरी लागली ती अमेरिकेच्या दक्षिणेकडे, अलाबामातल्या हंट्सव्हिलला. १९६० साली इथे नासाचे मार्शल केंद्र सुरू झाले. माणसांना चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न रॉकेटचे हे गाव. पण घरातून भाजी आणायला पायी जायची सोय नाही! बसगाड्या मोजक्याच. पहिले तीन महिने कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा मी ह्यांची वाट बघत बसले. मेली कसली ती परवशता! तेव्हा बायांनो, लोणची-पापड बांधण्याआधी मोटार शिका. तिथे गाडी उजवीकडून चालवायची; हाताची सवय मोडायला वेळ लागतोच.

उन्हाळा दमट, अगदी आपल्या कोकणासारखा. सुती कपडेच न्या.

घर बघताना मात्र ओट्याआधी खालच्या मजल्यावरची बिनखिडकीची जागा बघा. वसंतात तिथे टोर्नेडो येतात, घरे उचलणाऱ्या वावटळीच त्या. २७ एप्रिल २०११ च्या वादळांत विजेच्या मुख्य वाहिन्या पडून शहर कित्येक दिवस अंधारात होते. भोंगा झाला की बाहेर डोकवायचे नाही, आत शिरायचे. आमच्या जिन्याखालच्या कपाटात टॉर्च, पाणी आणि चिवडा कायम असतो. परवा भोंगा झाला, तर धाकटीने टॉर्चआधी चिवड्याचा डबा उघडला.